पाठीचं माप

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, आमच्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी, मी सदुसष्ट वर्षांची होते आणि ते मला माहीत नव्हतं. म्हणजे आकडा माहीत होता. कुणी वय विचारलं तर मी लपवत नसे, उलट जरा ठसक्यातच सांगत असे, समोरच्यानं ‘वाटत नाही हो’ म्हणावं म्हणून. पण आकडा माहीत असणं वेगळं आणि तो अंगाला येऊन लागणं वेगळं. चाळीस वर्षं मी कापडाच्या दुकानामागच्या शिवणखोलीत माणसांची मापं घेत आले होते. हातात खडू, गळ्यात टेप आणि समोर हात पसरून उभं असलेलं कुणीतरी. त्यामुळे बाकीच्यांच्या बाबतीत हा फरक मला लगेच कळे. दारातून आत येणाऱ्या बाईच्या चालीवरूनच ती सांगते ती कंबर आणि तिची असलेली कंबर यांत किती इंचांचं अंतर आहे याचा मला अंदाज येई. कापड बेतणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणत, म्हणून मलाही सगळे मास्तरच म्हणत. बाई असून मास्तर. नवरा हयात असताना तो चिडवायचा, घरात एक मास्तर आणि एक इस्त्रीवाला, हुकूम कुणाचा चालणार ते सांगायला नको.

घडलं ते एवढंच. वर्धापनदिनाच्या उपासनेसाठी आमच्या गायनमंडळाला, म्हणजे कॉयरला, नवे झगे करायचे ठरले होते. गडद निळे, पायघोळ, बावीस. बेतायचं काम माझं आणि शिवायचं माझ्या हाताखाली तयार झालेल्या कारागीर बाईचं. तिला आम्ही सगळे ‘घाई’ म्हणायचो, कारण ती जेवतानासुद्धा कुठंतरी गाडी पकडायची असल्यासारखी जेवायची. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात कच्च्या शिलाईचे झगे घालून सगळे उभे राहिले. बावीसपैकी एकवीस झगे जमिनीपासून दोन बोटं वर, एका रेषेत, जणू कुणी पाण्यात उभं करून ओलीची खूण पाहिली असावी. मी खूश होते. बाविसावा माझ्याच अंगावर होता, त्याकडे मी पाहिलंच नव्हतं. मग गायनाचे सर म्हणाले, चला, आता चौथऱ्यावर उभे राहून पाहू. तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर माझ्याच झग्याची पुढची कड माझ्या पायाखाली आली आणि मी दोन्ही हातांवर पालथी पडले. लागलं काहीच नाही, तळहात थोडे खरचटले. पण पडलेली असताना माझ्या मागे उभ्या असलेल्या मुली काय पाहत होत्या ते मला न बघता कळलं. पुढून झगा जमिनीवर लोळत होता आणि मागून तो टाचांच्या वर वीतभर उचलला गेला होता. एक मुलगी हसली आणि तिनं हसू आवरलं. ते आवरलेलं हसूच मला जास्त लागलं. सरांनी मला उठवलं आणि ते फार हळू आवाजात म्हणाले, की बाई, या वेळी आपण खाली बाकावर बसूनच गायलात तरी चालेल. मी म्हणाले, कापड ताणलं गेलंय, या ताग्यातलं कापड जरा सैलच आहे. खोटं बोलले. चर्चमध्ये, क्रुसाखाली उभं राहून, कापडावर आळ घेतला.

पुढून लोळतं आणि मागून उचलतं याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरीलाही कळतो. पाठीला बाक आला की पाठ लांब लागते आणि पुढचं आखूड. बाकदार पाठीवर सरळ पाठीचा कपडा घातला की तो असाच वागतो, त्याचा काही दोष नसतो. घरी जाताना मी हे मनात म्हणत होते आणि तरी माझी पाठ त्यात कुठं बसवत नव्हते. मी काय चूक केली होती ते मला पायऱ्यांवरच कळलं होतं. सगळ्यांची मापं घेतली, माझं घेतलं नाही. माझं कधी घेतच नसे. चाळिशीत असताना मी स्वतःसाठी खाकी कागदाचा एक फर्मा कापला होता. त्याचं पाठीचं माप नवऱ्यानं घेतलं होतं, इस्त्री बाजूला ठेवून, गरम हातांनी. तेव्हापासून सत्तावीस वर्षं माझा प्रत्येक कपडा त्या एका कागदावरून उतरत होता. गेल्या काही वर्षांत पुढची कड मी आतून जरा जास्त दुमडत होते, पण ते करताना मनात कुठलातरी वेगळाच विचार असे. धुतल्यावर कापड खाली उतरतं. हल्लीचे जोडे सपाट असतात. माणूस स्वतःपासून जे लपवतो ते लपवण्यात त्याचा हात इतका बसलेला असतो, की त्याला टाकाही दिसत नाही.

आमच्या शिवणखोलीत माझा एक नियम होता. माप मोठ्यानं सांगायचं नाही. बाकीच्या दुकानांत मास्तर आकडे ओरडतो आणि दुसरा लिहून घेतो. मी स्वतः घ्यायची, स्वतः लिहायची, तोंडाला कुलूप. उतरते खांदे, आखूड झालेली बाजू, शस्त्रक्रियेनंतर सपाट झालेली छाती, पोक, या सगळ्यांसाठी वहीत आकड्याखाली एक लहान रेघ ओढायची, बस्स. मग कापताना मी ती रेघ पाहून कापडात तडजोड करायची. एका खांद्याला थोडी भर, एका मुंढ्याला थोडी सूट. बाई आरशात बघायची आणि तिला स्वतःची पाठ सरळ दिसायची. माझ्या कपड्यांत सगळ्यांच्या पाठी सरळ होत्या. मला याचा अभिमान होता आणि प्रभूच्या दरबारात माझ्या नावावर काही जमा असेल तर ते हेच, असं मी समजत होते. आता मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात आली. स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. ते शरीरच तसं केलेलं आहे. छाती घेता येते, कंबर घेता येते, हात लांब करून बाहीसुद्धा कशीबशी घेता येते. पाठ नाही.

बुधवारी दुपारी शिवणखोली रिकामी असताना मी ते करून पाहिलं. टेपच्या टोकाला शिशाचा वजनखडा बांधला आणि मानेच्या मणक्यावर टेप धरून मागे सोडला. वजन पाठीच्या फुगवट्यावरून घसरून हवेत लोंबकळत राहिलं. टेप अंगाला चिकटेना. मग दाराला पाठ लावून उभी राहिले, दारावर खडूनं खूण करायला, तर पाठ आधी टेकली आणि डोकं दारापासून वीतभर पुढेच राहिलं. डोकं मागे न्यायचा प्रयत्न केला तर ते जाईना. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. वरचे कपडे काढले आणि ट्रायलच्या दोन आरशांच्या मध्ये उभी राहिले. त्या दोन आरशांत मी हजारो बायका उभ्या केल्या होत्या. दिवा लावला नव्हता, खिडकीतून जेवढा उजेड येत होता तेवढाच, पण पुरेसा होता. ती पाठ माझी आहे हे समजायला मला वेळ लागला. मानेखाली एक उंचवटा, त्यावर ताणून पांढरी पडलेली कातडी, आणि तिथून खाली मणके एकेक करून उजवीकडे कललेले, जसे चुकीच्या ताणानं शिवलेल्या शिवणीवरचे टाके एका बाजूला धावतात. दंडांची कातडी अस्तर सैल झालेल्या बाहीसारखी खाली आलेली. हे मी पाहत होते आणि माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटासुद्धा त्याच कातडीवर उठलेला मला आरशात दिसला. मी कपडे घातले आणि बेतण्याच्या मेजाखाली, कापडाच्या तुकड्यांच्या पोत्याला टेकून जमिनीवर बसले. प्रार्थना करावी असं वाटलं, पण आली ती प्रार्थना नव्हती. तू तेहतिसाव्या वर्षी गेलास, असं मी प्रभूला म्हटलं. तुझे गुडघे कधी दुखले नाहीत. रात्रीतून तीनदा उठावं लागलं नाही. तुला कवळी ठेवायची वाटी ठाऊक नाही. मरणाचं तू सगळं केलंस, पण म्हातारपण तू आमच्यावर सोडून गेलास, मग त्यात तू कुठं आहेस? मी उत्तराची अर्धा तास वाट पाहिली. मग म्हटलं, तसं असेल तर मला उचल, आता, इथं, या तुकड्यांत. तेही झालं नाही. दुकानाच्या बाजूनं कुणीतरी अस्तराचं कापड मागत होतं, म्हणून मी उठले. मेजाला धरून, दोन दमांत.

खरं सांगायचं तर मला माझ्या पाठीची भीती नव्हती. भीती दुसऱ्याच्या तोंडाची होती, आणि ते तोंड माझ्या ओळखीचं होतं, कारण ते माझं स्वतःचं होतं. माझी आई शेवटचं दीड वर्ष माझ्याकडे होती. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची, हाताला वेग, घरात शाळकरी मुलगा, दुकानात कामाचा ढीग. आईला आंघोळ घालायचं काम माझं. लहानपणी तिच्या अंगाचा वास म्हणजे माझ्यासाठी झोप होती. त्याच अंगाला आता दुसराच वास येत होता आणि पोटाच्या घड्यांखाली, छातीखाली हात न्यावा लागे तेव्हा मी श्वास रोखून धरत असे. एके सकाळी, साधीच सकाळ होती, मी तिच्या काखेत साबण लावत होते आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं तिला दिसलं नाही. ती भिंतीकडे पाहत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, “डोळे मीट गं. मी सांगते कुठं लावायचा ते.” आणि मी मिटले. देवाशपथ मिटले. ती सांगत गेली, थोडं खाली, आता डावीकडे, आता पाणी घाल, आणि मी डोळे मिटून आईला आंघोळ घातली. त्यानंतर ती गेली तोवर आम्ही असंच केलं आणि त्यावर एक शब्दही बोललो नाही. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. पाळकांपुढे दर वर्षी कितीतरी बारीकसारीक पापं कबूल केली, रागावले, खोटं बोलले, उपासनेत डुलकी घेतली. हे नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत हस्तांदोलन आणि परवाचा उठवणारा सरांचा हात सोडला तर मला कुणाचा हात लागला नव्हता. मी डॉक्टरकडे जात नसे. मुलगा मिठी मारायला आला की मी पिशवी पुढे करत असे. लोक म्हणत, काय स्वावलंबी आहेत. मी कुणालाही ती संधी देणार नव्हते, एवढंच होतं. डोळे मीट असं मला कुणाला सांगायचं नव्हतं.

गुरुवारी मुलाचा फोन आला. मी पडल्याचं त्याला कळलं होतं, अशा बातम्यांना पाय असतात. तो दुसऱ्या शहरात इंजिनियर होता, बायको चांगली, घरात एक खोली माझ्या नावानं रिकामी. आई, आता बास झालं, इकडे ये, असं तो नेहमीसारखं म्हणाला आणि मी नेहमीसारखं म्हटलं की बघू. मग सून फोनवर आली आणि म्हणाली की आई, न्हाणीघरात आम्ही धरायचा दांडा बसवून घेतलाय. तिनं ते प्रेमानं सांगितलं. मला मात्र त्या दांड्याच्या शेजारी तिचं तोंड दिसलं, श्वास रोखलेलं. फोन ठेवला आणि मी ठरवून टाकलं. रविवारी जायचंच नाही. या रविवारी नाही, पुढच्या नाही. सरांना निरोप द्यायचा की ताप आहे. लोक आधी विचारतील, मग विचारणार नाहीत. चर्चमध्ये मी बासष्ट वर्षं गात होते, पाचव्या वर्षापासून, आणि ते सोडण्याचा निर्णय घ्यायला मला भाजी निवडायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्यानंतर मी माझ्या निळ्या झग्याची कच्ची शिलाई उसवायला घेतली. दोरे ओढताना मला बरं वाटत होतं आणि असं बरं वाटणं चांगलं नाही हेही कळत होतं.

शुक्रवारी सकाळी पाळक आले. ते भेटीला नव्हे, कामाला आले होते. त्यांचा उपासनेचा अंगरखा कमरेत होत नव्हता. जाडजूड, घामट, विनोदी माणूस. म्हणाले, मास्तर, दोन इंच सोडा, प्रभूनं मला माझ्या लायकीपेक्षा जास्त दिलंय आणि ते सगळं इथंच साठलंय. त्यांनी हात पसरले, मी टेप फिरवला, आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली, कारण दोन नव्हे, साडेचार इंच सोडायला हवे होते. ते मान वळवून म्हणाले, की तुम्ही कधी किती झालं ते सांगत नाही ना, म्हणून मी तुमच्याकडे येतो. आणि मग, काही मनात न ठेवता, कपाटावरची धूळ पाहत विचारावं तसं विचारलं, की मास्तर, तुमचं माप कोण घेतं? माझ्या हातातून टाचणी पडली. मी टाचणी शोधायला वाकले नाही. उभ्या उभ्याच त्यांना तो मेजाखालचा प्रश्न विचारून टाकला, तेहतिसाव्या वर्षी गेलेल्या प्रभूचा. मला वाटलं ते एखादं वचन काढतील, आणि तसं केलं असतं तर मी अंगरखा त्यांच्या हातात दिला असता. पण ते खुर्चीवर बसले. म्हणाले, मला ठाऊक नाही. पायाच्या दोन बोटांत त्यांना काही जाणवत नव्हतं, साखर होती, डॉक्टर ती बोटं काढायचं म्हणत होते आणि त्यांनी ते घरात सांगितलं नव्हतं. हे सगळं ते टेपकडे बघत बोलत होते. मग म्हणाले, “एकच आठवतं. मरणातून उठल्यानंतर किनाऱ्यावर प्रभूनं त्या कोळी शिष्याला सांगितलं होतं, की तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर कसून हवं तिकडं जात होतास. म्हातारा झालास की हात पुढं करशील आणि कंबर दुसरा कुणीतरी बांधेल. मी त्यावर वीस वर्षांत एकदाही प्रवचन केलं नाही. भीती वाटते.” एवढं बोलून ते उठले आणि जाताना दारात वळून म्हणाले, की बोटांचं कुणाला सांगू नका.

ते गेल्यावर मी काम केलं नाही. मेजावर पाळकांचा अंगरखा पडला होता आणि माझ्या डोक्यात दुसरेच कपडे येत होते. क्रुसापाशी सैनिकांनी ज्याच्यावर चिठ्ठ्या टाकल्या तो प्रभूचा झगा. अखंड विणलेला, शिवण नसलेला. आयुष्यभर ती गोष्ट ऐकली, पण ते माप कुणी घेतलं असेल हे मनात आलं नव्हतं. कुणाच्यातरी हातांना त्याची पाठ ठाऊक असणार. आणि मग शेवटी, त्याला खाली उतरवल्यावर, तागाच्या कापडात गुंडाळलं. किती वार लागेल याचा अंदाज तिथं कुणालातरी करावा लागला असेल, माझ्यासारख्या कुणालातरी, डोळ्यांनीच, घाईघाईत, कारण संध्याकाळ होत होती. तो स्वतः हात हलवू शकत नव्हता. त्याला पालथं करावं लागलं असेल, पुसावं लागलं असेल. म्हातारपणात जे होतं ते सगळं त्याला एकाच दुपारी झालं. हे मला समाधान देणारं नव्हतं, असं कुणी समजू नये. मी रडले. पण मग आणखी एक गोष्ट आठवली आणि तिथं मात्र मी अडकले. तो उठला तेव्हा भोकं तशीच होती. खिळ्यांनी पडलेली हाताची, भाल्यानं पडलेली कुशीची. ज्याला मरणातून उठता येतं त्याला एक रफू करता आलं नसतं का? मी असते तर केलं असतं. इतकं बारीक केलं असतं की कुणाला शोधूनही सापडलं नसतं, आणि लोकांनी म्हटलं असतं, वा, काय हात आहे. त्यानं ते उघडं ठेवलं, दाखवलं, आणि विश्वास न बसलेल्या एका शिष्याला म्हणाला, इथं हात घाल. त्या शिष्याच्या तोंडावर त्या वेळी काय आलं असेल? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शनिवारी सकाळी घाई एकवीस झगे घेऊन आली, इस्त्री केलेले, हातावर आडवे टाकून, तोंड दिसत नव्हतं, नुसता निळा ढीग बोलत होता. बाविसावा कुठं आहे, तिनं विचारलं. मी मेजावरचे तुकडे दाखवले. उसवलेली पाठ, उसवलेल्या बाह्या. ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, मास्तर, उद्या सकाळी नऊला उपासना आहे, हा काय खेळ आहे, आणा टेप इकडं. मी म्हटलं की मी येणार नाही. तिनं विचारलं ताप आहे का, मी म्हटलं हो, तिनं कपाळाला हात लावायला हात पुढं केला आणि मी मागं सरकले, मेजावर आपटले. तेव्हा ती थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मग ती बोलायला लागली आणि तिचं बोलणं कधीच मुळमुळीत नव्हतं. म्हणाली, गावभरच्या बायांची पोकं झाकून झाली, तुमची काय सोन्याची आहे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती बोलत होती आणि मला कळलं की तिला माहीत आहे, किती तरी वर्षांपासून माहीत आहे. माझ्या आतून दुमडलेल्या कडा तिनं पाहिल्या होत्या. तिनं मनातल्या मनात माझ्या आकड्याखाली रेघ ओढली होती आणि गप्प राहिली होती, कारण मीच तिला तसं शिकवलं होतं.

मी तिला आईचं सांगितलं. का, ते माहीत नाही. दोन्ही हात मेजावर टेकून, तिच्याकडे न बघता सांगितलं, साबण, काख, डोळे मीट, सगळं. सव्वीस वर्षं जे पाळकांना सांगितलं नाही ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईला, शनिवारी सकाळी, दुकानात गिऱ्हाईक असताना. सांगून झाल्यावर मी म्हटलं, आता तू माझी पाठ बघितलीस की तुझं तोंड तसं होईल आणि मला ते सहन व्हायचं नाही. ती टेप माझ्या गळ्यातून काढून घेत म्हणाली, “झालं तर झालं. तोंड माझं आहे, माप तुमचं. हात वर करा.”

मी हात वर केले. उजवा खांद्यापर्यंतच जातो, तेवढाच केला. तिनं माझा वरचा कपडा उतरवला, बटणं तिनंच काढली. तिची बोटं थंड होती आणि सुईनं खरखरीत झालेली. तिनं मानेच्या त्या उंचवट्यावर टेपचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरा हात पाठीवरून खाली आणला, हळू, कातडीला चिकटून, जिथं बाक होता तिथं बाकावरून, जिथं खळगा होता तिथं खळग्यात. इतक्या हळू तिला काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. समोर ट्रायलचे आरसे होते. मी डोळे मिटू शकले असते. मिटले नाहीत. आणि ती कमरेपाशी आली तेव्हा तिचं तोंड तसं झालं. क्षणभरच, नाक थोडं आक्रसलं, ओठ एका बाजूला गेले. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनं आरशात पाहिलं. तिचा हात मात्र सुटला नाही. तो तिथंच होता, टेप धरून, माझ्या पाठीवर. आणि मला त्या क्षणी आई समजली, इतक्या वर्षांनी, अर्ध्या कपड्यांत उभी असताना. मी तिचं ते वाक्य आजवर चापट म्हणून सांभाळलं होतं. ती चापट नव्हती. माझं तोंड तिनं पाहिलं आणि तरी काख पुढे केली. तिनं मला डोळे मिटायला सांगितलं ते मला सोडवायला. हात काढून घे असं तिनं सांगितलं नव्हतं. मी माझ्या पाठीबद्दल एवढा वेळ प्रभूला विचारत होते, तू यात कुठं आहेस म्हणून. मला वाटत होतं उत्तर यायचं तर वरून येईल. ते थंड बोटांचं होतं, आणि त्याला किळसही येत होती, आणि ते सोडत नव्हतं. घाई पेन्सिल घेऊन वहीकडे वळली, सवयीनं, तोंड बंद ठेवून. मी तिला म्हटलं, “मोठ्यानं सांग.” तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, “पाठ साडेसतरा. पुढचं साडेतेरा.” आणि प्रत्येक मापाला थांबत गेली. डावा खांदा पाऊण इंच खाली. उंची मानेपासून जमिनीपर्यंत एक्कावन्न, फर्म्यात पंचावन्न होती. मी प्रत्येक आकड्याला हं म्हणत गेले. त्या ‘हं’शिवाय माझ्याकडे दुसरी काही प्रार्थना त्या वेळी नव्हती. शेवटी ती म्हणाली, की मास्तर, आता खाली घ्या हात, उद्या दुखतील.

झगा तिनं तिथंच बेतला. मी कापलं नाही, मला माझ्या हाताचा भरवसा नव्हता, तो सवयीनं पाठ सरळ करायला गेला असता. तिनं काही झाकलं नाही. संध्याकाळी पाचला मी तो घातला तेव्हा कड चारी बाजूंनी जमिनीपासून दोन बोटं वर होती आणि पाठ होती तशी, वाकडी, निळी, सगळ्यांना दिसेल अशी. रविवारी मी गायले. चौथऱ्यावर चढले नाही, पहिल्या पायरीशेजारी जमिनीवर उभी राहिले आणि सरांनी त्यावर काही म्हटलं नाही. तिसऱ्या गीताच्या वरच्या पट्टीत माझा आवाज चिरकला. शेजारच्या मुलीनं तिचा आवाज जरा मोठा केला आणि माझा त्याखाली घेतला, मंगळवारी हसलेली तीच ती. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांनी भाकर मोडून ते नेहमीचे शब्द म्हटले, हे माझं शरीर. मी ते आयुष्यभर ऐकले होते, पण ते त्यानं धडधाकट शरीराबद्दल म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी मोडणार होतं त्याबद्दल म्हटले होते, आणि ते लपवायला नाही, वाटायला पुढं केलं होतं. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. गुडघे दुखत होते, तळहातांवरची खपली ओढत होती, आणि घरी जाऊन एकटीनंच मोजे काढायचे होते, ते मला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच जड गेलं. पण उचल मला असं मी त्यानंतर त्याला म्हटलं नाही. निदान त्या वर्षी नाही.

पाळकांची दोन बोटं पुढच्या हिवाळ्यात काढली, आणि तीन वर्षांनी पाय घोट्यापासून. ते खुर्चीत बसून प्रवचन करायचे. त्या कोळ्याच्या वचनावर त्यांनी एकदा केलं, फार वाईट झालं ते, मध्येच थांबले आणि गीत सुरू करा म्हणाले. दोन हजार एक साली वारले. गायनाचे सर मुलीकडे परदेशी गेले आणि तिथून दर वर्षी एक पत्र येई, मग येईनासं झालं. माझ्या आवाजावर आपला आवाज घालणारी ती मुलगी आता कॉयर चालवते आणि फार कडक आहे म्हणतात. निळे झगे दहाएक वर्षं टिकले. नंतर त्यांचे पडदे केले.

शिवणखोली मी त्याच वर्षी घाईच्या हवाली केली. तिनं माझा नियम मोडला. ती मापं मोठ्यानं सांगते आणि बायका आधी रागावतात, मग हसतात, मग परत येतात. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, काढला, आता सुई तिला माझ्यापेक्षा जास्त दिसते. दोन वर्षांमागे तिचा नवरा अंथरुणाला खिळला. ती त्याचं सगळं करते. कसं करतेस, मी फोनवर विचारलं तर म्हणाली, घाईत.

मुलाकडे मी अखेर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आले. इथं येऊन सात वर्षं झाली. सूनही आता थकली आहे, तिच्याही गुडघ्यांवर पट्टे आहेत, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या औषधांच्या वेळा चुकवतो. माझी पाठ आणखी वाकली, इतकी की आता मला माणसांची तोंडं नीट दिसत नाहीत, त्यांचे हात दिसतात. दर बुधवारी एक बाई पायांची नखं काढायला येते. ती स्टुलावर बसते आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेते. सुरुवातीला मी तो तिथं ठेवल्यासारखं करायचे, वजन पडू द्यायचे नाही. आता ठेवते.